सायकलचे प्रश्न : पीक डिस्ट्रिक्टच्या खिंडींतून

मागच्या अंकात मी इंग्लंडातल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या विनॅट्स खिंडीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मूळची वाईची. गेली सत्तावीस वर्षं शेफिल्डला आहे आणि त्यातली बावीस वर्षं शनिवार-रविवार सायकलवर गेली. या शहराचा जवळपास एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्टच्या राष्ट्रीय उद्यानातच मोडतो. त्यामुळे घराबाहेर पडून तासाभरात माळावर पोचता येतं. जे रस्ते माझ्या पायाखालचे आहेत, त्यांच्याबद्दलच लिहिते आहे.

प्रश्न : ताई, जुलैमध्ये मुलीच्या पदवीदान समारंभासाठी शेफिल्डला येतोय. चार दिवस मोकळे आहेत. पुण्यात आठवड्याला दीडशे किलोमीटर होतात. बोपदेव घाट नेहमीचा, सिंहगड महिन्यातून एकदा. पीक डिस्ट्रिक्टमधलं सगळ्यात उंच ठिकाण फक्त ६३६ मीटर दिसतंय आणि आपलं पुणंच ५६० मीटरवर आहे. तेव्हा रोज शंभर किलोमीटर धरायला हरकत नसावी ना? (एक वाचक, पुणे, वय ४६)

उत्तर : हरकत आहे. रोज साठ धरा आणि एक दिवस पायांना विश्रांती द्या. तुमचा सराव चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण उंचीचा आकडा इथे फसवतो. पाहायचं ते चढ किती उभा आहे आणि दिवसात किती वेळा समोर येतो.

आपल्याकडचे घाट गाड्यांसाठी आखलेले आहेत. आमचा पसरणीचा घाट घ्या. वळणं घेत घेत, दहा-अकरा किलोमीटर पसरून तो पाचगणीला नेतो. एकदा पायांना लय सापडली की माणूस गप्पा मारत वर पोचतो. इथले जुने रस्ते मात्र मीठ आणि लोकर वाहणाऱ्या घोड्यांच्या वाटांवरून आले आहेत. पाठीवर ओझं असलेल्या घोड्याला वळणापेक्षा जवळची वाट बरी. म्हणून रस्ता ओढ्यापर्यंत सरळ उतरतो आणि पलीकडच्या टेकडीवर नाकासमोर चढतो. दीडशे मीटर वर, दीडशे खाली, पुन्हा दीडशे वर. उतारावर घाम वाळेपर्यंत पुढचा चढ उभा. पन्नासाव्या किलोमीटरला हा हिशेब मांड्यांत उतरतो.

याच डोंगरात दुसऱ्या जातीचा रस्ताही आहे. ग्लॉसॉपहून लेडीबोअर धरणाकडे येणारा स्नेक पास अभियंते थॉमस टेलफर्ड यांनी घोडागाड्यांसाठी आखला आणि तो १८२१ साली सुरू झाला. माथा ५१० मीटरवर आहे, तरी चढ अंगावर येत नाही. तुम्हाला तिथे घरच्या घाटाची आठवण होईल. (नावाचा सापाशी संबंध इतकाच, की या भागातल्या कॅव्हेंडिश या उमराव घराण्याच्या मानचिन्हावर साप आहे.) पण तो हमरस्ता आहे आणि मोटारी वेगात असतात. जायचंच तर रविवारी सकाळी आठच्या आत जा.

इंटरनेटवरच्या नकाशात हा फरक दिसत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेचा गुलाबी मुखपृष्ठाचा, एकास पन्नास हजार प्रमाणाचा कागदी नकाशा विकत घ्या. त्यात उभ्या रस्त्यावर छोटे बाण काढलेले असतात. एक बाण म्हणजे साधारण १४ ते २० टक्के चढ. दोन बाण म्हणजे २० टक्क्यांच्या वर, पाच पावलांत एक पाऊल उंच. बाणाचं टोक नेहमी उताराकडे असतं, हे विसरू नका. मी निघण्याआधी किलोमीटर मोजत नाही, बाण मोजते. सोबतीला नवीन कुणी असेल तर दिवसात दोन बाणांची एकच जागा, त्याहून जास्त नाही.

आता पहिल्या दिवसाचा मार्ग. शेफिल्डहून रिंगिंगलोच्या रस्त्याने पश्चिमेला निघा. चढ लांबलचक आहे, पण सोसवतो. घरं संपतात, गडगे सुरू होतात, मग गडगेही मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना नुसतं रान. बरबेजच्या वरच्या पुलापाशी पोचलात की उजवीकडे स्टॅनेजचा लांबच लांब काळा कडा दिसेल. तिथून हॅदरसेजपर्यंत उतार. पुढे होपमार्गे कॅसलटन. हा तुकडा सपाट असला तरी वर्दळीचा आहे.

कॅसलटनच्या पलीकडे विनॅट्स. या नावाचा अर्थच 'वाऱ्याची दारं' असा सांगतात, आणि वारा समोरून असला की तो पटतो. स्पीडवेल गुहेपासून रस्ता चुनखडीच्या दोन भिंतींमध्ये शिरतो. भिंतींवर, कुठे खुर टेकवले असतील असा प्रश्न पडावा अशा जागी मेंढ्या चरत असतात. सुरुवातीला वाटतं, जमेल. मग भिंती जवळ येतात, रस्ता समोर फळीसारखा उभा राहतो आणि चढ २० टक्क्यांच्या पुढे जातो. २०२१ साली चढाची राष्ट्रीय शर्यत इथेच झाली. सुमारे एक किलोमीटरचं ते अंतर विजेत्याने तीन मिनिटांच्या आसपास कापलं. मला आजही अकरा-बारा मिनिटं लागतात. पहिल्यांदा गेले तेव्हा तीनदा उतरावं लागलं होतं, न उतरता वर पोचायला चार वर्षं लागली.

म्हणून काही गोष्टी आधीच सांगते. सगळ्यात हलका गिअर पायथ्यालाच टाका. भर चढावर बदलायला गेलात तर चेन कुरकुरते आणि कधी उतरते. सीटच्या पुढच्या टोकाकडे सरका आणि छाती हँडलकडे झुकवा, नाहीतर पुढचं चाक हवेत उचललं जातं. नजर दहा मीटर पुढे ठेवा, माथ्याकडे बघू नका. नागमोडी चालवून चढ हलका करायचा मोह होईल, पण मागून मोटार येत असते. उतरायचं ठरलं तर सायकल थांबण्याच्या आधी पाय क्लीटमधून, म्हणजे बूट पायडलला अडकवणाऱ्या खाचेतून, काढा. आणि पुन्हा निघताना तोंड वर करून निघता येत नाही. रस्ता मोकळा आहे हे बघा, सायकल आडवी धरा, दोन पायडल आडवे मारा आणि मगच वर वळा. हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर गुडघा फुटला नसता.

माथ्यावर पोचल्यावर तुम्हाला एक रस्ता दाखवायचा आहे. मॅम टॉरच्या कुशीतून पूर्वी कॅसलटनला उतरणारा एक हमरस्ता होता, चढालाही बेताचा. पण हा डोंगर सरकतो. डागडुजी करून करून शेवटी १९७९ साली तो रस्ता कायमचा बंद केला. तेव्हापासून मोटारींनाही विनॅट्सच चढावी लागते. सायकल हातात धरून थोडं खाली चालत जा. रस्ता जिथे दुभंगलाय तिथे डांबराचे थर उघडे पडलेत, एकावर एक, पुरणपोळीच्या पदरांसारखे. खचायचं, वर नवा थर घालायचा, पुन्हा खचायचं. पांढरा मधला पट्टा अजून ओळखू येतो आणि तो एका ठिकाणी हवेतच संपतो. मी पाहुण्यांना आधी इथे नेते, मग कॅसलटनचा किल्ला दाखवायला.

तिथून मॅम निकची खिंड ओलांडून इडेलच्या दरीत उतरा. उतार उभा आहे आणि वळणं आंधळी, दोन्ही ब्रेक सारखे दाबत या. इडेलहून होपपर्यंत नोई नदीच्या काठाने रस्ता अलगद खाली येतो. इथवर चाळीसेक किलोमीटर आणि साडेसहाशे मीटरच्या आसपास चढ झालेला असेल. पाय थकले असतील तर होपहून शेफिल्डची रेल्वे मिळते. नसतील तर हॅदरसेजहून आलेल्या वाटेने परत चढा. सायकलींना डब्यात मोजकीच जागा असते, तेव्हा ऐन गर्दीची गाडी टाळा.

दुसऱ्या दिवशी विश्रांती. तिसऱ्या दिवशी लेडीबोअरच्या काठाने फिरा. धरणाचं काम १९३५ ते १९४३ चाललं. डरवेंट आणि अ‍ॅशप्टन ही दोन गावं त्याच्या पाण्याखाली गेली. कोयनेकाठच्या माणसाला हे पाणी नुसतं सुंदर दिसत नाही, मलाही दिसत नाही. चौथ्या दिवशी अंगात जोर उरला तरच स्ट्राइन्सकडचा मॉर्टिमर रोड. तो ओढ्यात उतरतो, वर चढतो, पुन्हा उतरतो, आणि नकाशात त्यावर दोन बाण आहेत.

पुण्यात जूनपर्यंत सराव करायचा असेल तर सिंहगड एकदा करण्यापेक्षा एआरएआयच्या टेकडीचा चढ एका सकाळी पाच-सहा वेळा करा. लहान, उभा आणि पुन्हा पुन्हा. इथे नेमकं तेच लागतं.

प्रश्न : नोकरीनिमित्त मँचेस्टरला जातो आहे. ठाण्याहून माझी रोड बाइक नेणार आहे. पुढे ५२ आणि ३६ दात्यांच्या चकत्या, मागे ११ ते २८ दात्यांची कॅसेट (चकत्यांचा संच). चालेल का?

उत्तर : घोडबंदर रोडला चालते, इथे गुडघे जातील. मागची कॅसेट ११-३४ ची करा आणि जमलं तर पुढची लहान चकती ३४ ची घ्या. ३४ ला ३४ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा, वीस टक्क्यांवर तेच लागतं. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तेवढी मोठी कॅसेट पेलतो का, हे मात्र दुकानात आधी विचारा. टायर २८ मिलिमीटरचे. आणि ब्रेकपॅड नवे घाला. चढाची काळजी सगळे करतात, ओल्या उताराची कुणी करत नाही.

प्रश्न : डर्बीला मुलाकडे सहा महिने राहायला आले आहे. वय ६३. नाशिकला सायकल चालवायचे, पण डोंगर चढणं आता होणार नाही आणि मोटारींची भीती वाटते. नऊ वर्षांच्या नातवाबरोबर जाता येईल असं काही आहे का?

उत्तर : आहे, आणि ते या सगळ्या भागातलं मला सर्वांत लाडकं ठिकाण आहे. बेकवेलजवळून ब्लॅकवेल मिलपर्यंत मॉन्सल ट्रेल जातो, साडेआठ मैलांचा, म्हणजे साधारण पावणेचौदा किलोमीटरचा. हा मूळचा रेल्वेमार्ग. १९६८ साली गाड्या बंद झाल्या आणि रूळ काढून वाट केली. रेल्वेला उभा चढ चालत नाही, त्यामुळे वाटही जवळजवळ सपाट आहे. बेकवेलकडून जाताना किंचित चढ जाणवेल आणि परतताना तोच मदतीला येईल. मोटार एकही नाही.

बोगदे २०११ पर्यंत बंद होते, आता उघडे आहेत. आत दिवसा दिवे असतात. नातवाला आधी सांगून ठेवा, की बोगद्यात उन्हाळ्यातही गारवा असतो आणि छतातून पाण्याचे थेंब मानेवर पडतात. एक पातळ जाकीट हँडलला बांधून ठेवा. हेडस्टोन बोगदा संपतो आणि डोळे दिपतात, त्याच क्षणी तुम्ही वाय नदीवरच्या उंच दगडी पुलावर असता. खाली नदीचं वळण, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर. तिथे थांबा. घाई करू नका, डबा तिथेच उघडा. मी माझ्या आईला इथे आणलं होतं, ती एकाहत्तर वर्षांची होती. तिने पुलाच्या कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "कृष्णेसारखीच वळते की ही." नंतर बराच वेळ ती काही बोलली नाही.

सायकली हॅसॉप स्टेशनला भाड्याने मिळतात. तुमच्या उंचीला बेताची आणि पाय सहज जमिनीला टेकतील अशी मागा. त्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही.

प्रश्न : नॉटिंगहॅमला राहतो. गावाकडचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच झुडपांची कुंपणं, समोरचं काही दिसत नाही. मोटार आली की मी कडेला घासतो आणि मागचा हॉर्न वाजवतो. काय करावं?

उत्तर : कडेला घासणं आधी बंद करा. कडेला खडी, काटे आणि खड्डे असतात. शिवाय तुम्ही कडेला गेलात की जागा नसतानाही मागच्याला पुढे घुसावंसं वाटतं. जानेवारी २०२२ मध्ये इथली वाहतूक-नियमावली बदलली. शांत रस्त्यावर सायकलस्वाराने लेनच्या मधून जावं आणि वाहनाला सुरक्षितपणे पुढे जाता येईल तिथे बाजूला व्हावं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मोटारीने ओलांडताना निदान दीड मीटर अंतर ठेवावं, वेग जास्त असेल तर आणखी. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायलाही मुभा आहे.

पण नियम आपल्या बाजूने असला तरी आंधळं वळण आपल्या बाजूने नसतं. पांढऱ्या गोलात काळी तिरकी रेघ असलेली पाटी दिसली, की त्या रस्त्यावर मोटारींना ताशी साठ मैलांची मुभा असते, रस्ता बैलगाडीइतका असला तरीही. वळणाआधी वेग इतका ठेवा, की दिसतो त्या अंतरात थांबता येईल. मोटार मागे तुंबली असेल तर पुढची रुंद जागा आली की थांबा आणि हात करा. बहुतेक चालक उलट हात करून जातात. घोडेस्वार दिसला तर लांबूनच 'हॅलो' म्हणा. घोडा माणसाचा आवाज ओळखतो, पण मागून आलेल्या मुक्या चाकाला बिचकतो.

आणि कॅटल ग्रिड. गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्या टाकलेल्या असतात. ओल्या असतील तर त्या काचेसारख्या निसरड्या होतात. रिमझिम पावसात मी एकदा त्यावरच वळायला गेले. पुढचं चाक निसटलं आणि कोपर सहा आठवडे गळ्यात बांधून फिरावं लागलं. सरळ रेषेत जा, त्यावर ब्रेक लावू नका, हँडल वळवू नका.

प्रश्न : लीड्सला आयटीत आहे, वय ३३. रविवारी क्लबबरोबर यॉर्कशायर डेल्समध्ये जाते. प्रत्येक चढावर सगळ्यांच्या मागे पडते आणि वर सगळे थांबलेले असतात. लाज वाटते. पुढच्या महिन्यात तिथल्या बटरटब्स खिंडीत जायचंय. जाऊ का?

उत्तर : जा. वर थांबणं ही क्लबची रीतच आहे, तुमच्यावर उपकार नाहीत. २०१४ साली टूर द फ्रान्सचा पहिला टप्पा लीड्सहून निघाला, तेव्हा ती सगळी मंडळी याच बटरटब्सवरून गेली. हॉज गावाकडून चढताना माथा ५२६ मीटरवर येतो. आधी सोसेल असा चढ, मग मध्ये छाती फोडणारे तुकडे आणि त्यांच्यामध्ये दम घ्यायला जागा. विनॅट्सपेक्षा लांब, पण मला तो जास्त दयाळू वाटतो. माथ्याच्या पलीकडे रस्त्याला लागूनच चुनखडीत खोल विहिरींसारखी भोकं आहेत. बाजाराला निघालेले शेतकरी लोणी गार राहावं म्हणून त्यात ठेवत, असं सांगतात आणि नाव त्यावरूनच पडलं. सायकल टेकवून आत डोकावून बघा.

तुमच्याच शहरात जन्मलेल्या सायकलपटू बेरिल बर्टन यांच्याबद्दल क्लबात कुणी ना कुणी सांगेलच, पण मलाही सांगायचंय. लीड्सजवळच्या मॉर्लीला त्या राहत आणि शेतावर अंगमेहनतीचं काम करत. १९६७ साली बारा तासांच्या शर्यतीत त्यांनी २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर कापले. त्याच शर्यतीत पुरुषांचा नवा विक्रम करणाऱ्या सायकलपटूला त्यांनी वाटेत गाठलं आणि ओलांडताना खिशातली ज्येष्ठमधाची गोळी त्याच्या हातावर ठेवली. स्त्रियांमध्ये तो विक्रम पन्नास वर्षं टिकला. मी बटरटब्स चढते तेव्हा खिशात ज्येष्ठमधाची गोळी असते. तुम्हीही ठेवा, घसाही कोरडा पडत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी. डोंगरात खाण्याचं काय?

उत्तर : जवळजवळ प्रत्येक गावातल्या कॅफेत टोस्टवर बीन्स, भाजलेला बटाटा आणि स्कोन मिळतं. बेकवेलच्या प्रसिद्ध पुडिंगमध्ये अंडं असतं. चीजमध्ये कधीकधी दूध घट्ट करायला वापरलेलं प्राणिज रेनेट असतं, तेव्हा विचारून घ्या. मी खिशात गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीचे तुकडे ठेवते, चाळीस किलोमीटरनंतर त्याच्यासारखं दुसरं काही लागत नाही. बाटली रिकामी झाली तर कुठल्याही पबमध्ये जा. इंग्लंडात मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी पिण्याचं पाणी मागितलं तर ते फुकट द्यावं लागतं. संकोच करू नका.

प्रश्न : सुट्टी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच मिळते आहे. विनॅट्स तेव्हा होईल का?

उत्तर : वर्षाच्या त्या दिवसांत इथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि खिंडीत तर त्याच्या आधीच सावली पडते. सावलीतलं दव दुपारीही गोठलेलं राहतं. चढून जाल, पण मॅम निकचा उतार टाळा, त्या वळणांवर ओली पानं साचलेली असतात. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, अंधारात तो कायद्यानेही लागतो. सकाळी नऊला शेफिल्ड सोडा आणि बारापर्यंत कॅसलटनला पोचा. रस्ता कोरडा असेल तर विनॅट्स चढा, त्याच वाटेने सायकल हातात धरून चालत उतरा आणि दोनच्या आसपास होपहून गाडी पकडा. रस्त्यावर चमक दिसली तर पायथ्याशी फोटो काढून परत फिरा. मी तसं दोनदा केलं आहे.